दीड तास मागे

टूर कंपनीच्या छापील कार्यक्रमात प्रत्येक दिवसापुढे काही ना काही कोंबलेलं असतं. एक धबधबा, दोन देवळं, तीन 'फोटो स्टॉप' आणि रात्री भारतीय जेवण. मॉरिशसच्या सहलीत मात्र शेवटून दुसऱ्या दिवसापुढे तीनच शब्द असतात: 'डे ॲट लीजर'. मुरलेला मराठी प्रवासी हे शब्द वाचून सावध होतो. आज बस नाही, गाईड नाही आणि दुपारचं जेवण ज्याचं त्यानं बघायचं, एवढाच त्याचा मराठी अर्थ.

आता समजा, कोल्हापूर जिल्ह्यातले एक काका आणि काकू या दिवसाच्या तोंडावर फ्लिक आँ फ्लाक नावाच्या गावात, समुद्रकाठच्या हॉटेलात मुक्कामाला आहेत. 'समजा' म्हणायचं ते उगीच. मुंबईहून सहा-साडेसहा तास उडून अशा जोड्या दर मे महिन्यात त्या बेटावर उतरतच असतात. काकांचा चार एकर ऊस आहे, ते साखर कारखान्याचे सभासद आहेत आणि मुलानं तिकिटं काढली म्हणून आले आहेत. काकू मात्र पूर्ण तयारीनं आल्या आहेत. कांदा-लसूण चटणीची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून, साडीच्या घडीत बसवून, त्यांनी ती दोन विमानतळांवरून सुखरूप पार केली आहे.

मे महिना निवडण्यात एक गफलत झाली होती. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. आपला मे म्हणजे तिथल्या हिवाळ्याची सुरुवात, आणि तिथला आंबा पिकतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. म्हणजे ऐन मोसमात घरातली हापूसची पेटी शेजाऱ्यांच्या हवाली करून काका अशा बेटावर आले होते, जिथं दर दोन घरांमागे आंब्याचं झाड होतं आणि झाडावर नुसती पानं. पहिल्या दिवशी हे लक्षात आल्यापासून ते प्रत्येक झाडाकडे फसवणूक झाल्यासारखे बघत.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मॉरिशसची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मोबाइल आपोआप बदलला, काका बदलले नाहीत. "आठ दिसांसाठी काटं कुठं फिरवत बसू?" असं म्हणून त्यांनी मनगटावर भारत तसाच चालू ठेवला. परिणाम एवढाच, की घरच्या सवयीनं रोज सहाला, म्हणजे तिथल्या साडेचारला, काकांचे डोळे टक्क उघडे. बाहेर मिट्ट काळोख, समुद्राचा आवाज, आणि नाश्त्याला अजून अडीच तास.

त्यात मोकळा दिवस नेमका गुरुवारचा आला. नरसोबाची वाडी घरापासून तासाभराच्या अंतरावर असली की माणसाला गुरुवार चुकवता येत नाही. सहा दिवस तांबडा-पांढरा, सातव्या दिवशी दत्त महाराज, हा काकांचा तीस वर्षांचा करार. समुद्रानं वेढलेल्या बेटावर, खाण्यापिण्यासाठी म्हणून मिळालेल्या एकुलत्या एका दिवशी, त्यांना मासा वर्ज्य होता.

पोर्ट लुईसला जायला त्यांनी साधी बस धरली. परदेशातली बस कशी असेल याचं एक चित्र काकांच्या मनात होतं. समोरून आलेल्या बसच्या तोंडावर ठळक अक्षरांत 'अशोक लेलँड' होतं. मॉरिशसच्या रस्त्यांवर या बसा मुबलक आहेत. आत बसल्यावर खिडकीची काच सरकवताना तीच खडखड, वळणावर तोच कण्हल्यासारखा आवाज. "एवढं पैसं भरून शेवटी लेलँडच," काका म्हणाले. राजधानीत मेट्रो दिसली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. पण 2020 पासून लोकांना घेऊन धावणारी ही गाडी भारत सरकारच्या मदतीतून उभी राहिली आणि तिचा मार्ग लार्सन अँड टुब्रोनं बांधला, हे शेजारच्या प्रवाशानं मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि तोही आनंद गेला.

भाषेचा प्रश्न काकूंनी आदल्या रात्रीच सोडवला होता. या बेटावर कायदेमंडळ इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, रस्ता क्रिओल बोलतो आणि देव ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकतो. हॉटेलातल्या मुलीकडून काकू क्रिओलचे दोन प्रयोग शिकून आल्या: 'कोम्ये?' म्हणजे केवढ्याला, आणि 'त्रो सेर' म्हणजे लई महाग. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर अख्खा संसार उभा केलेल्या बाईला तिसऱ्या वाक्याची गरज वाटली नाही.

पोर्ट लुईसच्या सेंट्रल मार्केटचा तळमजला भाजीचा. परदेशात भाजी विकत घ्यायची नसते हे काकूंना कळत होतं. पण भेंडी दिसल्यावर तिचं टोक मोडून बघितल्याशिवाय पुढे जाणं त्यांच्या बोटांना जमेना. दोन टोकं मोडली गेली. भाजीवाला ओरडला नाही, नुसता हसला. याचा अर्थ त्याच्या गिऱ्हाइकांतही मोडणाऱ्या बायका असणार. तिथं भेंडीला लालो म्हणतात, कारल्याला मारगोझ, दोडक्याला पिपंगाय, वांग्याला ब्रिंझेल आणि कोथिंबिरीला कोतोमिली. यातली कोतोमिली आणि पिपंगाय ही तमिळ घरांतून आलेली आणि क्रिओलच्या तोंडात गोल झालेली नावं. एका पाल्याच्या ढिगाकडे बोट दाखवून काकांनी नाव विचारलं. "ब्रेद मुरुम." काकांच्या माहितीतला मुरूम पाणंद रस्त्यावर टाकायचा असतो. जवळ जाऊन पाहिलं तर तो शेवग्याचा पाला निघाला. तमिळ 'मुरुंगै'ला त्या बेटानं मुरुम करून टाकलं होतं.

भाजीच्या बाजूलाच काढ्यांच्या पाल्याचे गाळे आहेत. वाळलेल्या काड्या, पानं आणि मुळ्यांच्या पुड्या, आणि प्रत्येकीपुढे पाटी: ही मधुमेहाला, ही मुतखड्याला, ही कोलेस्टेरॉलला, ही वजन उतरवायला. काकांनी सगळ्या पाट्या लक्षपूर्वक वाचल्या. मराठी माणूस परदेशात संग्रहालयं चालत चालत पाहतो, पण औषधी पाल्यापुढे थांबतोच. गुडघेदुखीची पुडी घ्यावी का, यावर दोघांत बराच वेळ खल झाला. "आधी तुमच्यावर बघू, मग मी घेतो," असं काकू म्हणाल्या. ('घेतो' हा छापखान्याचा दोष नव्हे. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात आणि कुणाला ते खटकत नाही.)

खरेदीत खरी अडचण रुपयाची होती. मॉरिशसचं चलनही रुपयाच. आपल्याकडून मजूर गेले तसे त्यांच्यामागून आपले रुपये त्या बेटावर इतके पसरले, की 1876 साली तिथल्या ब्रिटिश सरकारनं कायद्यानं रुपयाच अधिकृत करून टाकला. म्हणजे हा आपल्याच घरातून गेलेला पोरगा. आता त्याची उंची बापापेक्षा वाढली आहे: तिथला एक रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. त्यामुळे डॉलर-युरोच्या देशात वाटते ती भीती इथं वाटत नाही, आणि घात होतो तो तिथंच. शंभर रुपये ऐकले की काकूंना शंभरच ऐकू येत. काका शेजारी उभे राहून दोननं गुणत. दिवसभर काकू किंमत विचारत होत्या आणि काका पुटपुटत होते. लांबून पाहणाऱ्याला ते जप करताहेत असं वाटलं असतं, आणि गुरुवार असल्यामुळे ते शोभलंही असतं.

नोटांवर किंमत इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीतही असते. काकांनी देवनागरी अक्षरं पाहून नोट काकूंच्या नाकासमोर धरली. या अक्षरांनी एकदा सरकारला घाम फोडला होता. 1998 साली आलेल्या नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेलं. आधी तमिळ वर असायचं. तमिळ मंडळी भडकली, प्रकरण एवढं तापलं की त्या नोटा मागे घेऊन नव्या छापाव्या लागल्या. एका ओळीच्या वरखाली होण्यावरून भांडायची ही तयारी पाहिली, की ते बेट आपल्या किती जवळचं आहे हे नकाशा न बघताही कळतं.

वरचा मजला आठवणवस्तूंचा, आणि तिथं डोडोचं राज्य. डोडो टी-शर्टवर, डोडो चमच्याच्या दांड्यावर, डोडो फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर. "हे बदक कसलं?" काकूंनी विचारलं. उडता न येणारा हा थोराड पक्षी फक्त याच बेटावर होता. 1598 साली डच लोक इथं उतरले, आणि त्यांच्यामागून आलेली डुकरं, उंदीर, माकडं यांनी त्याची अंडी फस्त केली. शंभरेक वर्षांत पक्षी संपला. 1662 नंतर तो खात्रीनं कुणी पाहिल्याचं सहसा धरत नाहीत. आता तो देशाच्या राजचिन्हावर उभा आहे. पण काकांना त्यातली एकच गोष्ट भिडली. डच खलाशांनी त्याला 'किळसवाणा पक्षी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, कारण त्याचं मांस जितकं जास्त शिजवावं तितकं वातड होई.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिजवता आलं नसंल त्यास्नी. मसाला काय होता त्यांच्याकडं?" कोल्हापूरची माणसं डचांच्या आधी पोचली असती, तर डोडो कदाचित पन्नास वर्षं लवकर संपला असता, पण त्याच्या नावानं कुणी नाक मुरडलं नसतं, एवढं नक्की.

याच मजल्यावर काकूंची कसोटी लागली. रंगीत विणकामाच्या पिशव्यांच्या गाळ्यावर एक साठीची बाई होती. काकूंनी 'कोम्ये?' टाकलं, बाईनं आकडा सांगितला, काकूंनी 'त्रो सेर' म्हणून थेट निम्म्याखाली मागितलं आणि पाठ फिरवून चार पावलं टाकली. या चार पावलांना महाद्वार रोडवर पाच मिनिटांत फळ येतं. बाईनं खरंच हाक मारली. पण किमतीसाठी नव्हे. "बाँबे?" तिनं विचारलं. त्या बेटावर ज्या बंदरातून माणसं आली त्याची ओळख पिढ्यान्पिढ्या टिकली: कुणी कलकत्त्याचे, कुणी मद्रासचे, आणि मराठी माणसं मुंबईची. बाईचे पूर्वज कोकणातले. आडनाव विचारलं तर तिनं सांगितलं ते कुणाचं तरी पाळण्यातलं नाव होतं. उतरवून घेणाऱ्या कारकुनांनी पहिल्या माणसाचं नाव लिहून घेतलं आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, अशी तिथं असंख्य घरं आहेत.

मराठी येतं का, यावर बाई लाजली. घरात क्रिओल. शाळेत मराठी विषय होता, पण त्याला आता चाळीस वर्षं झाली. गणपतीची आरती मात्र येते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि दीड-पावणेदोनशे वर्षांत ही एक गोष्ट मराठी घरांनी हातची सोडली नाही. "म्हणा की," काकू म्हणाल्या. बाईनं पिशव्यांच्या राशीत उभं राहून टाळी धरली. पहिलं कडवं तिघांनी खणखणीत म्हटलं. दुसऱ्याला काकांचा आवाज उतरला. तिसऱ्याला ते नुसते ओठ हलवत होते, जे ते गेली पन्नास वर्षं गर्दीचा फायदा घेऊन करत आले आहेत. पण इथं गर्दी नव्हती. साडेचार हजार किलोमीटरवरच्या, मराठी न येणाऱ्या बाईनं आरती अक्षरन् अक्षर पुरी केली आणि काकांकडे पाहिलं.

आता आपल्या माणसाशी घासाघीस कशी करणार? काकूंनी तीन पिशव्या घेतल्या, सांगितलेल्या किमतीला. खाली आल्यावर काकांनी पिशवीच्या आतली पट्टी वाचली. पिशवी मादागास्करची होती.

भूक लागली तेव्हा त्यांच्या घड्याळात एक वाजला होता आणि गावात साडेअकरा. यात एक सोय असते: रांग नसते. मार्केटच्या कडेला काचेच्या पेटीतून दाल पुरी विकणारा माणूस होता. दाल पुरी हा त्या देशाचा वडापाव. सायबापासून हमालापर्यंत सगळे उभ्यानं खातात. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, हळद घालून कणकेत भरायची आणि पातळ लाटून भाजायची. ती एक कधीच देत नाहीत, जोडीनं देतात. आत पांढऱ्या वालांसारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि मिरचीची 'सातिनी' घालून कागदात गुंडाळतात. सातिनी म्हणजे चटणी, हे काकूंनी कुणी न सांगता ओळखलं. तिखट कमी-जास्त करून मिळतं. 'तिगित पिमा' म्हणजे थोडं तिखट. काकांनी बोटांनी खूण करून सगळं घालायला सांगितलं. विकणाऱ्यानं दोनदा खात्री करून घेतली, मग आदरानं घातलं.

काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. "अहो, पुरणाची पोळी हाय ही. गूळ घालायचा विसरलाय त्यो." हे निदान अचूक म्हणायला हवं. दाल पुरी बिहार-भोजपूरकडची, तिचं आणि पुरणपोळीचं नातं मावसबहिणींचं. तरी काकूंच्या मनातून ते गेलं नाही. उसाच्या देशात पुरणाला गूळ मिळू नये, याचा दोष त्यांनी गोऱ्या सरकारवर टाकला. दुसऱ्या गाड्यावर 'गातो पिमा' होते. गातो म्हणजे केक, पिमा म्हणजे मिरची. आणि मिरचीचा केक म्हणजे वाटाण्याच्या डाळीचा वडा. तो तिथं पावाला लोणी फासून आत भरून नाश्त्याला खातात. वड्याला पाव लावायची कल्पना आपलीच, असा आपला समज आहे. तिथं ती फ्रेंच पावाला लावून कुणी पेटंट न मागता खात बसले आहेत. काकांनी चार वडे खाल्ले. गुरुवार आतापर्यंत तरी जड गेला नव्हता.

मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर आप्रवासी घाट आहे. दगडी भिंती, एक अंगण आणि सोळा पायऱ्या. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' जहाजातून 36 मजूर आले. त्यानंतरच्या साताठ दशकांत या बंदरात साडेचार लाखांहून जास्त भारतीय माणसं करारावर उतरली. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामी बंद होत होती आणि उसाला हात हवे होते. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना पाच रुपये. 2006 साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारसा ठरवली. काकांनी इथं दोननं गुणलं नाही. पायऱ्या मोजल्या, खाली उतरून पुन्हा मोजल्या. "सोळाच हायत," म्हणाले. खरेदीच्या पिशव्या त्यांनी या सगळ्या वेळात काकूंकडे दिल्या होत्या, का ते त्यांनी सांगितलं नाही.

समोरच कोदाँचा वॉटरफ्रंट: वर टांगलेल्या रंगीबेरंगी छत्र्या, खाली चकचकीत दुकानं. इथं एका संग्रहालयात 1847 सालची दोन टपाल तिकिटं आहेत, एक नारिंगी, एक निळं. प्रत्येकी पाचशे छापली होती. आता जगात दोन्ही मिळून दोन डझनांच्या थोडीच वर उरली असतील. ही दोन 1993 च्या लिलावात मॉरिशसच्या बँका-कंपन्यांनी एकत्र येऊन परत आणली. उजेडानं रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा तासातून दहाएक मिनिटंच लागतो. काका-काकू पोचले तेव्हा तो नुकताच विझला होता. उरलेल्या पन्नास मिनिटांचं काय करायचं, यावर काकांचं मत पडलं की पन्नास मिनिटं थांबून एका पेनीचं तिकीट बघण्यापेक्षा काहीतरी गार प्यावं. आलुदा मिळाला. दूध, सब्जा, आगर-आगरच्या किसलेल्या वड्या, वरून सरबत. "फालुदा," काकू म्हणाल्या. या सहलीत ओळखू न आलेला पदार्थ अजून त्यांच्या पुढ्यात यायचा होता.

दुपारी ते बो प्लाँला गेले. जुना साखर कारखाना. 1999 मध्ये बंद पडला आणि 2002 पासून संग्रहालय झाला. परदेशात काकांना पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला तो इथं. चरकाचे लाट, उकळायच्या कढया, बॉयलर, सगळी नात्यातली माणसं. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, एकोणिसाव्या शतकात या इवल्याशा बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते, आज बोटांवर मोजण्याइतके उरलेत, हे सगळं तिथल्या मुलीनं सांगितलं. काकांनी टोपी सारखी केली आणि गंभीर आवाजात, हातवारे करत, तिला विचारलं, "बंद पडला तवा शेतकऱ्यांची थकबाकी दिली का?" मुलीनं त्यांना स्वच्छतागृहाची दिशा दाखवली.

शेवटी चव घ्यायचं दालन. पांढरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत साखरेचे प्रकार छोट्या भांड्यांत मांडलेले, आणि प्रत्येकाला एक फ्रेंच वाटणारं नाव. काका क्रमानं चाखत गेले. शेवटची मस्कोव्हाडो: ओलसर, काळपट, काकवीच्या वासाची. काकांनी ती जिभेवर ठेवली, टाळूला लावली, मग काकूंना खूण केली. "गूळ हाय." पुन्हा चाखून, "दाणा बरा पडलाय, पण गूळच." कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, या बाबतीत काकांच्या शब्दापुढे अपील नाही. त्यांनी पुडीची किंमत पाहिली, दोननं गुणली आणि खुर्ची शोधली. खुर्ची मिळून ते बसेपर्यंत काकूंनी सहा पुड्या घेतल्या होत्या: दोन जावांना, एक विहीणबाईंना, बाकी भिशीतल्या बायकांना. कोल्हापुरात वाटायला मॉरिशसहून गूळ. वर व्हॅनिला घातलेला चहा, जो पुढे घरी आलं घालून उकळला जाणार आणि मग 'वास येतो' म्हणून पाहुण्यांसाठी ठेवला जाणार.

ते बसनं परत पोर्ट लुईसला आले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि राजधानी मिटली होती. शटर खाली, फुटपाथ रिकामे. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी दुकानं असतात तसं. संध्याकाळी खरेदीला बाहेर पडायचं असतं हे त्या शहराला कुणी सांगितलेलं नाही. काकूंना अजून डोडोची दोन चुंबकं घ्यायची होती, ती राहिली.

फ्लिक आँ फ्लाकला उतरल्यावर समुद्रकाठच्या एका टपरीवर काकांना तो भेटला. स्टीलच्या ट्रेमध्ये, पिवळाधमक, मोहरीत माखलेला, वर कांद्याच्या फाका आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. विंदाय. मासा तळायचा आणि हळद, वाटलेली मोहरी, लसूण, व्हिनेगर यांत मुरवायचा. पोर्तुगीजांच्या ज्या शब्दातून गोव्याचा विंदालू आला, त्याच शब्दाची ही दुसरी लेक. चवीला ना कालवण, ना लोणचं, दोन्हींच्या मधलं काहीतरी. काकू वास घेऊन अडखळल्या. "हे काय हाय ते कळत न्हाई बघा," म्हणाल्या. विकणाऱ्यानं समजावलं: हा गार खायचा, आणि आजच्यापेक्षा उद्या जास्त चांगला लागतो. काका त्या वाक्याकडे फार आशेनं बघत राहिले. मग त्यांनी एक पुडकं बांधून घेतलं, दोन पाव घेतले आणि ते खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या बाटलीमागे ठेवलं.

रात्री साडेदहा वाजता त्यांनी काकूंना मनगट दाखवलं. "बारा वाजलं. आपल्याकडं शुक्रवार लागला."

काकू गुळाच्या पुड्या साड्यांत बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा वाजता इंग्रजांचा वार बदलतो. आपला सूर्य उगवल्यावर."

याला उत्तर नव्हतं. पंचांग काकूंच्या बाजूचं होतं. काका गॅलरीत जाऊन समुद्राकडे बघत बसले. आत आले, फ्रिज उघडला, पाणी प्यायले, बंद केला. कोल्हापूरचा सूर्योदय मेमध्ये किती वाजता, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं. सहाच्या आसपास. हिशोब सोपा होता, यात गुणायचं नव्हतं, वजा करायचं होतं. ते निवांत झोपले.

साडेचारला नेहमीप्रमाणे डोळे टक्क उघडले. खोलीत अंधार, बाहेर अंधार, बेटावरचा सूर्य उगवायला अजून दोन तास. काकांनी घड्याळ खिडकीजवळ नेऊन पाहिलं, सहा वाजून पाच मिनिटं. पूर्वेकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, बरणीचं झाकण आवाज न करता फिरवलं आणि फ्रिजचा पिवळा दिवा लागला.

"मला पण ठेवा थोडा," अंथरुणातून काकू म्हणाल्या.